साताऱ्याकडचे वेण्णाकर

ऊद मेथा, दुबई
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार. तुमचं सोळा डिसेंबरचं पत्र प्रकाशच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये येऊन पडलं होतं, ते त्याने तीस तारखेला आणून दिलं. इथे पोस्टमन घरी येत नाही हे तुम्हाला अजून पटत नाही. "मग लोक पत्रांची वाट कुठे बघतात?" असं तुम्ही एकदा विचारलं होतं. आम्ही जबल अलीत बघतो, अण्णा. गोदामं, कंटेनर आणि कंपनीच्या बसगाड्यांच्या गर्दीत तुमची निळी पाकिटं येतात, आणि तिथली माणसं "मिस्टर प्रकाश, यल्ला, चलो, लव्ह लेटर आया" म्हणून ह्याला चिडवतात.

आम्ही इकडे ठीक. शुक्रवारी आमची शाळा लवकर सुटते, म्हणून स्टाफरूममध्ये बसून लिहिते आहे. सध्या हवा चांगली आहे, तुम्हाला स्वेटर लागेल एवढी. प्रकाशची शुगर आटोक्यात आहे, म्हणजे तो तसं म्हणतो. तुमची पणती अस्मी आज बत्तीस दिवसांची झाली. नाक तुमचं आहे. तिच्या आईला, शुभ्राला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुअर बेबी." तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, नाक छान दिसतं.

तुमचा व्हिसा आला. अठ्ठावीसला पुण्याहून विमान, बरोबर प्रकाशचा पुतण्या अथर्व आहेच. एकतीसला शनिवारी बारसं. हे सगळं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, तरी पुन्हा लिहिते आहे. पुढचं लिहायला नको म्हणून ही टाळाटाळ चालली आहे.

हे मी फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि त्या अर्ध्यानेच हा घोळ झाला. नाही, हेही खोटंच. घोळ तुमच्या कानांनी केला नाही, माझ्या तोंडाने केला.

तुम्ही पाठवलेले चार फुलस्केप, 'वेण्णाकर घराण्याची माहिती', मी तीन वेळा वाचले. तुमचं अक्षर अजून भूमी अभिलेखच्या नकाशावर असायचं तसंच आहे, काटेकोर. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघणारी वेण्णा, तिच्या काठची गावं, मेढ्याचे जुने फेरफार, माहुलीला ती कृष्णेला मिळते ती जागा. व्याकरणाने आडनाव 'वेण्णेकर' व्हायला हवं, पण इंग्रजी स्पेलिंगमुळे 'वेण्णाकर' झालं असावं, हा तुमचा अंदाज. सबंध महाराष्ट्रात मिळून अकरा घरं, तीही तुम्ही मोजलीत. आणि शेवटी लिहिलंत, "वेण्णेचं पाणी कृष्णेतून आपल्या मिरजेच्या घाटाला लागतं, म्हणजे सोयरीक आधीपासूनच होती." ह्या वाक्यावर मी रडले, अण्णा. तुम्हाला वाटेल आनंदाने.

त्यातच शेवटच्या पानावर, जाता जाता सांगावं तसं, तुम्ही लिहिलंत की कमरेला पट्टा बांधून, गाडी करून तुम्ही मेढ्याला जाऊन आलात. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वय त्र्याऐंशी, आणि एवढा प्रवास. तिथल्या म्हाताऱ्या वेण्णेकरांनी तुम्हाला चहा दिला, आमची एक पाती मुंबईकडे गेली होती, तीच असेल म्हणाले, आणि पणतीसाठी कुलदेवीचा अंगारा दिला. तो तुम्ही घेऊन येणार आहात.

अण्णा, अंगारा आणू नका. त्या भल्या माणसाचा आपल्या जावयाशी काही संबंध नाही.

जावयाचं नाव जय नाही. यानिक आहे, इंग्रजीत ते 'जे' अक्षराने सुरू होतं. ऑफिसात सगळे त्याला 'जे' म्हणतात, मी 'जे'चा 'जय' केला. आणि वेण्णाकर असं आडनावच नाही. ते इंग्रजीत लिहिलं की व्हेनाकर वाचता येतं, त्याची माणसं फेनाकर म्हणतात. तो जर्मन आहे. जर्मनीत वाढलेला मराठी मुलगा असं नव्हे. जर्मन. गोरा, उंच, डोळे निळे.

तुम्हाला तो फोन आठवत असेल. चौदा महिने झाले. मी म्हटलं, शुभ्राने लग्न ठरवलंय, मुलगा तिच्याच कंपनीत आहे, आडनाव व्हेनाकर. तुम्ही म्हणालात, "वेण्णाकर? म्हणजे साताऱ्याकडचे. आपल्यातलेच म्हणायचे." आणि मी म्हटलं, "हो."

त्या वेळी तुमच्या आवाजात इतका आनंद होता की तो मोडायचं माझ्या जिवावर आलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं कारण साधं आहे. मला भीती वाटली. चोपन्न वर्षांची बाई, शाळेत साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी, आणि बापाला घाबरले.

मग एक खोटं सांभाळायला दुसरं. अबू धाबीच्या कोर्टात लग्न झालं, तुम्हाला फोटो पाठवला एकट्या शुभ्राचा. "जावई फोटोला लाजतो." तुम्ही कुलदैवत विचारलंत, मी लिहिलं, "त्यांच्या घरात फारसं करत नाहीत." तुम्ही गोत्र विचारलंत, मी ते पत्रच मिळालं नाही असं कळवलं. ते मिळालं होतं. तुमच्याकडे आयुष्यभर लोक खोटे फेरफार घेऊन यायचे आणि तुम्ही कागद नुसता उजेडात धरून ओळखायचात. घरातल्या पोरीचा कागद मात्र तुम्ही उजेडात धरला नाही.

आता हे उघडकीला कसं आलं ते सांगते. एकतीस डिसेंबरला, बुधवारी, शुभ्रा अस्मीला घेऊन आमच्याकडे आली होती. मी कुकर लावत होते, तुमचे चार कागद फ्रीजवर होते. शुभ्राचं मराठी तुम्हाला माहीत आहे, बोट ठेवून वाचते, जोडाक्षर आलं की थांबते. पण एवढं तिने वाचलं. कागद घेऊन स्वयंपाकघरात आली.

"मॉम, हू इज जय वेण्णाकर?"

मी म्हटलं, "अगं, आजोबांचा जरा गैरसमज झालाय."

"गैरसमज? फोर पेजेसचा? ही वेंट टु सम व्हिलेज, मॉम. ही'ज एटी-थ्री." मग तिने आवाज खाली आणला. तो खाली आला की मला जास्त भीती वाटते. "आर यू अशेम्ड ऑफ हिम, ऑर ऑफ मी?"

मी कुकरकडे वळले. तिने कागद पर्समध्ये टाकले, बाळाला कांगारू पिशवीत घातलं, टॅक्सी बोलावली आणि गेली. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. प्रकाश आला, करपलेला वास घेतला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "स्मिता, आता हे खलास कर. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय." सांगत होता, हे खरं आहे.

त्या दिवसापासून मी अस्मीला पाहिलेलं नाही. नाक तुमचं आहे हे मी नऊ दिवसांपूर्वीच्या आठवणीवरून लिहिलं.

शुभ्राचा निरोप आला आहे. ती मला आजोबांना यापुढे फसवू देणार नाही. खरं काय ते मी तुम्हाला लिहायचं, पोस्ट करण्याआधी तिला वाचून दाखवायचं. तोवर बाळ माझ्याकडे येणार नाही. आणि तुम्ही तेच खोटं मनात धरून विमानात बसलात, तर बारसंही होणार नाही. तुमचीच नात आहे, शब्द फिरवत नाही.

यानिकचं ऐकाल तर आश्चर्य वाटेल. तो आधी हसला. मग तुमचे चार कागद त्याने शुभ्राकडून वाक्य न वाक्य समजून घेतले आणि स्कॅन करून आपल्या वडिलांना पाठवले. ते निवृत्त शाळामास्तर, आणि त्यांनाही तुमचंच वेड. स्वतःच्या आडनावाची माणसं शोधत बसतात. त्यांचं उत्तर आलंय, ते यानिकने मला फोनवर समजावलं. इंग्रजीत, सावकाश, जणू मीच बहिरी.

व्हेन म्हणजे दलदल, पाणथळ. आकर म्हणजे शेत. ओलीकडचं शेत. आपल्याकडे मळीच्या खाली पाणी धरून राहणारं रान असायचं, तुम्ही मोजणीच्या कागदावर 'चिबड' लिहायचात, तसं. म्हणजे तुमचा जावई साताऱ्याकडचा वेण्णाकर नसून उत्तर जर्मनीतला चिबडकर आहे. जगात त्यांची माणसं त्रेचाळीस. यानिकच्या वडिलांनी एकेकाला पत्रं लिहून मोजली. बहुतेक सगळी एका तालुक्यात, चार ब्राझीलमध्ये, एक कॅनडात, आणि यानिक इथे. अस्मी चव्वेचाळिसावी. तुमच्या अकरा घरांपेक्षा दुर्मीळ निघाले, अण्णा.

अजून एक त्यांनी कळवलं. त्यांच्या त्या भागात पूर्वी नाव माणसाचं नसायचं, शेताचं असायचं. घरात मुलगा नसला आणि जावई शेतावर राहायला आला की तो बापाचं आडनाव सोडून शेताचं लावायचा. चर्चच्या वहीत त्यांना सगळ्यात जुना जो व्हेनाकर सापडला तो जन्माने व्हेनाकर नव्हताच. घरजावई होता. पुढची सगळी त्रेचाळीस त्याच्या बायकोच्या शेताच्या नावाने जगतायत. यानिकच्या वडिलांनी विचारलंय, "मिरजेच्या गृहस्थांकडे असं असतं का?" मी सांगितलं, तेच आल्यावर सांगतील.

इथवर लिहिलं. उद्या शुभ्राकडे जाऊन वाचून दाखवते.

रविवार, ११ जानेवारी

काल मेट्रोने शुभ्राकडे गेले. दार यानिकने उघडलं, "नमस्कार आई" म्हणाला. एवढं एक वाक्य त्याला स्वच्छ येतं. अस्मी आत पाळण्यात झोपली होती, दार लोटलेलं. शुभ्रा समोर बसली. मी वाचलं. चिबडकरला ती हसली. यानिकला चिबड म्हणजे काय ते सांगायला मला पाच मिनिटं लागली.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "इट्स गुड, मॉम. बट यू लेफ्ट आउट अनिलमामा."

मी म्हटलं, "त्याचा इथे काय संबंध?"

"तू का घाबरलीस ते लिहिलंच नाहीस. घाबरले, घाबरले. व्हाय?"

अण्णा, आपल्या घरात ते नाव कुणी घेत नाही, म्हणून मीही कागदावर घेतलं नाही. आता घेते. अनिल. माझा दादा. तुमचा मुलगा.

शुभ्राला एवढंच माहीत होतं की मामाने कुबरावहिनीशी लग्न केलं, ती मुसलमान, दवाखान्यात नर्स होती, आणि आजोबांनी त्यांना घरात घेतलं नाही. तिला, प्रकाशला, इथल्या मैत्रिणींना, सगळ्यांना मी हेच सांगत आले. "आमच्या वडिलांनी भावाला हाकललं." सत्तावीस वर्षं सांगते आहे. ते मी सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात.

काल तिला पहिल्यांदा उरलेलं सांगितलं. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. शुभ्रा वीस दिवसांची. दादा आणि वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर, तुम्ही वरच्या, आणि मी तुमच्या मागे दारात, शुभ्राला घेऊन. दादा म्हणाला, "अण्णा, वर येत नाही. भाचीला बघतो आणि जातो." वहिनीच्या हातात दुपट्याचं पाकीट होतं. तुम्ही मागे वळून मला विचारलंत, "दाखवायची आहे का तुला मुलगी?"

एवढंच विचारलंत. तुम्ही "नाही" म्हणाला नाहीत. "आत जा" म्हणाला नाहीत. किती वर्षं मी मनात तुमच्या तोंडी ते शब्द घातले, आणि ते तुम्ही बोललाच नव्हता. मी वळले आणि आत गेले. पोरीचं तोंड पदराखाली झाकून गेले. तुमचा चेहरा बघितला, तुम्हाला काय आवडेल ते ओळखलं, आणि तेच केलं. तुम्ही दादासाठी दार बंद केलंत त्याला तुम्ही जबाबदार आहात, ते मी तुमच्याकडून काढून घेत नाही. पण त्या आधी मी आत गेले. मी तिथेच उभी राहिले असते तर तुम्ही काय केलं असतं, हे मला माहीत नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का?

शुभ्राने लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "दॅट वॉज मी? यू टुक मी इनसाइड?"

मी म्हटलं, "हो बाळा, तूच."

ती उठली आणि आत अस्मीकडे गेली. यानिकला भाषा कळली नाही पण काय झालं ते कळलं असावं, त्याने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ती बाहेर आली तेव्हा तिने सांगितलं की दोन महिन्यांपूर्वीच तिने अनिलमामाला शोधून काढलं, ती दोघं फोनवर बोलतात, आणि बारशाला तिने त्यांना बोलावलं आहे. दादा आणि वहिनी सव्वीसला येतायत. मला सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणाली. ती मला घाबरत होती, अण्णा. माझी मुलगी मला.

आज सकाळी मी दादाला फोन केला. त्याचा आवाज तुमच्यासारखा झालाय, मी दचकले. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, निदान विचारेल की इतकी वर्षं कुठे होतीस. तो म्हणाला, "अण्णा जिना चढतात का गं आता?" मी खुब्याचं सांगितलं. तर म्हणे, "विमानतळावर व्हीलचेअर सांग. नको म्हणतील, तरी सांग." मग फोन वहिनीकडे दिला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "स्मिता, आधी बाळाचं वजन किती भरलं ते सांग." नर्स ती नर्सच. माफी तशीच राहिली. ती मला समोर उभं राहून मागायची आहे.

व्हीलचेअर सांगितली आहे. नको म्हणू नका.

अस्मीला कालही माझ्या हाती दिलं नाही. "पोस्ट इट फर्स्ट," एवढंच. मला राग आला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी दादाला आला नसेल का, हाच विचार परतीच्या गाडीत करत होते.

हे पत्र आज पोस्टाने न पाठवता कुरियरने पाठवते, म्हणजे गुरुवारपर्यंत तुमच्या हातात पडेल. आता तुमच्यापासून काही लपलेलं नाही. बारशाला जर्मन जावई आहे, त्याचे आईवडील आहेत, अनिल आहे, कुबरावहिनी आहे. मराठी मंडळातली चार माणसं आहेत, ती काय म्हणतील त्याची मला भीती वाटते. तरी मी ह्या वेळी दारातून आत जाणार नाही, बाहेरच उभी राहणार आहे. तुम्ही चिडाल, मला बोलाल, तर बोला. मी ऐकून घेईन, आणि मग परत त्यांच्यातच जाऊन बसेन. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. इतकं, की पुन्हा एखादं खोटं सुचलं असतं तर लिहिलं असतं.

तुमचं उत्तर काहीही असो, ते मला लिहू नका. शुभ्राला लिहा. तिने तुमच्याकडून ऐकावं, माझ्या तोंडून नको; माझ्या तोंडून गेलेलं वाटेत बदलतं.

अठ्ठावीसला दुपारी तीन वाजता विमान पोचतं. बाहेर शुभ्रा, यानिक, दादा आणि मी उभे असू. तुम्ही येणार नसाल तर पुण्यालाच अथर्वला तसं सांगून ठेवा, म्हणजे तो एकटा बाहेर आला की आम्ही त्याच्या मागे बघत राहणार नाही.

तुमची मुलगी
आणि अनिलची बहीण,
स्मिता